पेपर राहिला, टीव्ही गेला : आयोवाच्या ली एंटरप्रायझेसची कहाणी

ओमाहाकर (मूळ लेखन)

२६ एप्रिल २०२४, शुक्रवार. दुपारी भोंगे वाजले आणि आम्ही घरातले सगळे तळघरात उतरलो. मुलीनं टीव्ही लावला, चॅनेल ७, केईटीव्ही. हवामान सांगणारा माणूस नकाशावर बोट ठेवून एकेक रस्ता सांगत होता: वावटळ (टॉर्नेडो) आता इथे आहे, पाच मिनिटांत तिथे पोचेल, एल्कहॉर्नमधल्या लोकांनी लगेच खाली जा. आमच्यापासून एल्कहॉर्न दूर नाही. बायको रस्त्यांची नावं ऐकत होती आणि त्या भागातल्या मराठी घरांना फोन लावत होती. त्या भागात कितीतरी घरं जमीनदोस्त झाली.

पुढचे अनेक दिवस मी आमचा, म्हणजे नेब्रास्कातल्या ओमाहाचा पेपर, ओमाहा वर्ल्ड-हेरल्ड बारकाईनं वाचत होतो. कुठलं घर पडलं, कोणाची विमा कंपनी काय म्हणते, पाडकाम कोण करणार, झाडं कुठे नेऊन टाकायची. टीव्हीनं त्या तासाला सांभाळलं, पेपरनं पुढचा महिना.

हे दोघं एकेकाळी एकाच घरचे होते. १७ सप्टेंबर १९५७ ला केईटीव्ही सुरू केलं ते वर्ल्ड-हेरल्डनंच. १९७६ मध्ये पेपरनं ते सेंट लुइसच्या पुलित्झर कंपनीला विकलं, पुलित्झरनं १९९९ मध्ये आपली सगळी स्टेशनं हर्स्ट कंपनीला दिली. इकडे वर्ल्ड-हेरल्ड २०११ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर कंपनीनं घेतला आणि २०२० मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या ली एंटरप्रायझेसला विकला.

आता गंमत अशी (मला तरी हे फार विलक्षण वाटतं) की याच लीचं ओमाहात स्वतःचं टीव्ही स्टेशन होतं. चॅनेल ३, केएमटीव्ही, १९८६ पासून २००० पर्यंत. म्हणजे ओमाहाच्या पेपरनं टीव्ही सोडला, लीनं ओमाहाचा टीव्ही घेतला आणि सोडला, आणि वीस वर्षांनी लीनं ओमाहाचा पेपर घेतला. तेव्हा दोघांकडेही टीव्ही नव्हता.

लीची सुरुवात १८९० ची. ए. डब्ल्यू. ली यांनी आयोवातल्या ओटुम्वा गावचा कुरियर हा पेपर विकत घेतला. मग एकेक गाव जोडत गेले. १९५४ मध्ये मेसन सिटीला केजीएलओ-टीव्ही सुरू केलं. तिथला पेपर ग्लोब गॅझेट आणि रेडिओ आधीपासून त्यांचाच. पुढे वेस्ट व्हर्जिनियातलं हंटिंग्टन, ओरेगनमधलं पोर्टलंड, होनोलुलू, अल्बुकर्की, टुसॉन अशी स्टेशनं येत गेली. ज्या गावांत लीचे पेपर होते ती बहुतेक लहान, आणि टीव्ही होते त्या शहरांत पेपर दुसऱ्याचे.

आणि २००० मध्ये सगळं एकदम विकलं. देशव्यापी टीव्ही नेटवर्कशी जोडलेली ८ मुख्य स्टेशनं आणि त्यांची ७ सॅटेलाइट स्टेशनं, इंडियानापोलिसच्या एमिस या रेडिओ कंपनीला, ५६ कोटी २५ लाख डॉलरना.

माझं म्हणणं असं की लीच्या पेपरांचे पुढे जे हाल झाले त्याची सुरुवात या विक्रीत आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर सांगावं.


गोदाकाठ

उत्तम धागा. एक शंका: २००० साली सॅटेलाइट स्टेशन म्हणजे काय? डिश टीव्ही?


ओमाहाकर

नाही, उपग्रहाशी संबंध नाही. मुख्य स्टेशनचा कार्यक्रम दूरच्या भागात पुन्हा प्रक्षेपित करणारं दुय्यम स्टेशन. हवाईत हे छान समजतं. केजीएमबी हे तिथलं पहिलं टीव्ही स्टेशन, १ डिसेंबर १९५२ ला होनोलुलूत सुरू झालं. पण मधे समुद्र आणि डोंगर. म्हणून हिलोला एक आणि माउई बेटावर वाइलुकूला एक, अशी जोडस्टेशनं. बातम्या होनोलुलूच्या, मनोरा त्या त्या बेटावर. न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीच्या केआरक्यूईचंही तसंच, अंतरं अफाट.


हिशेबनीस

ओमाहाकर, लेख मनापासून आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

२००० साली विकणं चूक नव्हतं. त्या वर्षी कोणालाही विचारलं असतं तर हाच सल्ला मिळाला असता. डिजिटल प्रक्षेपणाची सक्ती आली होती, व्यावसायिक स्टेशनांना मे २००२ ची मुदत होती. प्रत्येक ठिकाणी नवा ट्रान्समीटर, नवा अँटेना, स्टुडिओतली यंत्रं नवी, आणि त्यातून जाहिरातीचा एक डॉलर जास्त येणार नाही. केबलवर चॅनेलांची गर्दी झालेली. लहान गावातल्या पेपरला मात्र स्पर्धाच नव्हती. घर विकायचंय, ट्रॅक्टर विकायचाय, नोकर पाहिजे, बारसं-लग्न-मयत, सगळं त्याच पानांवर. नफ्याचं प्रमाण टीव्हीच्या तोडीस तोड.

चूक नंतरची. लीनं २००२ मध्ये हॉवर्ड पब्लिकेशन्सचे १६ दैनिक पेपर ६९ कोटी ४० लाखांना घेतले. इथवरही ठीक, टीव्हीचे पैसे कामी आले. २००५ मध्ये मात्र पुलित्झर घेतली, १४६ कोटी डॉलरना, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. आता बघा, पुलित्झरनं तोवर टीव्ही हर्स्टला देऊन टाकले होते. म्हणजे टीव्ही विकलेल्या कंपनीनं टीव्ही विकलेलीच दुसरी कंपनी घेतली. सगळी अंडी एका टोपलीत. आणि नेमक्या त्याच काळात छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या. २००८ ची मंदी आली तेव्हा लीचा शेअर १ डॉलरच्या खाली होता. डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज, जानेवारी २०१२ मध्ये त्यातून बाहेर. कर्ज बुडवलं नाही, मुदत वाढवून घेतली, पण व्याज महाग.

धंदा विकल्यानं माणूस बुडत नाही. पडत्या धंद्यात कर्ज काढून उतरल्यानं बुडतो.


देशावरची

+१ हिशेबनीस. आमच्याकडे याला विहीर विकून जमीन घेणं म्हणतात. जमीन वाढली, पाणी गेलं.


खिळेजुळारी

मी पुण्यात छापखान्यात वाढलो, वडील खिळे जुळवायचे, म्हणून पेपरची बाजू घेतो. थोडं लांबेल.

सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच १८७८ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी उभा केला. त्याच घरानं १९२२ मध्ये रेडिओ काढला, केएसडी. ८ फेब्रुवारी १९४७ ला केएसडी-टीव्ही, मिसुरी राज्यातलं पहिलं. युद्ध संपून दोन वर्षं होत नाहीत, लोकांच्या घरी टीव्ही संच नाहीत, आणि एक पेपर कंपनी स्वतःच्या खिशातून टीव्ही सुरू करते. त्या काळी अमेरिकेत ठिकठिकाणी हेच घडलं. बातमी गोळा करणारी माणसं आणि चार पैसे पेपरवाल्यांकडेच होते. हंटिंग्टनचं डब्ल्यूएसएझेड १९४९ मध्ये तिथल्या पेपर कंपनीनं काढलं, लीकडे ते १९७१ मध्ये आलं. टीव्हीला बातमीची सवय पेपरनं लावली, हे विसरू नये.

मग पेपरनं टीव्ही का सोडला? सगळं फायद्या-तोट्यापायी नाही. १९७५ मध्ये तिथल्या प्रसारण आयोगानं, एफसीसीनं, नियम केला: एका गावात पेपर आणि टीव्ही यापुढे एकाच मालकाला मिळणार नाही. आधीच्या जोड्या बहुतेक चालू ठेवल्या, पण जिथे गावातला एकमेव पेपर आणि एकमेव रेडिओ किंवा टीव्ही स्टेशन एकाच हाती, अशा १६ ठिकाणी मोडायला लावल्या. मेसन सिटी त्यांपैकी एक. ओमाहाकरांनी सांगितलेलं केजीएलओ-टीव्ही, लीचं पहिल्या पिढीतलं स्टेशन, असं हातचं गेलं. आज त्याचं नाव केआयएमटी. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम उचलून धरला. सेंट लुइसला सक्ती नव्हती, तरी पुलित्झरनं १९८३ मध्ये ते स्टेशन अदलाबदलीत दिलं आणि त्याबदल्यात कॅरोलिनातली दोन घेतली. १९४७ पासून एका छताखाली असलेले पेपर आणि टीव्ही तेव्हा वेगळे झाले. वॉशिंग्टन पोस्टनंही १९७८ मध्ये आपलं वॉशिंग्टनचं स्टेशन डेट्रॉइटच्या पेपर कंपनीला देऊन त्यांचं डेट्रॉइटचं घेतलं होतं. घर बदललं, शेजार तुटला.

नियमामागचा विचार मला पटतो. गावात एकच माणूस सगळ्या बातम्यांचा मालक नको. पण परिणाम असा झाला की टीव्ही कंपनीला लांबच्या गावी असलेली जहागीर होऊन बसला. डेव्हनपोर्टच्या संचालकांना होनोलुलूचं स्टेशन म्हणजे ताळेबंदातली एक ओळ. पोस्ट-डिस्पॅचच्या माणसांना केएसडी म्हणजे जिन्यावर रोज भेटणारी माणसं. ओळ खोडायला फार यातना होत नाहीत.


ओमाहाकर

खिळेजुळारी, "ताळेबंदातली ओळ" हे अगदी मनाला भिडलं. हा नियम माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

हिशेबनीस, तुमचं कर्जाचं म्हणणं मान्य. तरी एक विचारतो. टीव्ही ठेवला असता तर पुढच्या वीस वर्षांत काय मिळालं असतं? १९९२ च्या केबल कायद्यानं स्टेशनांना हक्क दिला होता की आमचं चॅनेल दाखवायचं तर केबल कंपनीनं परवानगी घ्यावी, पैसे द्यावेत. त्या पैशांनी खरा जोर २००० नंतर धरला. शिवाय निवडणुकीची जाहिरात. सम वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओमाहाला येऊन टीव्ही लावून बघा. नेब्रास्काचा दुसरा मतदारसंघ अध्यक्षपदाचं एक मत स्वतंत्रपणे देतो, त्यामुळे दोन्ही पक्ष इथे पैसा ओततात. बातम्यांच्या अर्ध्या तासात एकच उमेदवार चार वेळा वाईट ठरतो आणि तीन वेळा चांगला. तो पैसा पेपरकडे येत नाही.


हिशेबनीस

हे खरं आहे, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की २००० मध्ये ते कोणाला दिसत नव्हतं. ज्या एमिसनं घेतली तिनंही पाच वर्षांत टीव्हीतून बाहेर पडायचं ठरवलं. हंटिंग्टनचं डब्ल्यूएसएझेड ग्रे कंपनीनं १८ कोटी ६० लाखांना घेतलं. ओमाहा आणि टुसॉन मिलवॉकीच्या जर्नल कंपनीकडे, तिथून २०१५ मध्ये स्क्रिप्सकडे. मूळ पेपरवाल्यांकडून रेडिओवाल्यांकडे, पुन्हा पेपरवाल्यांकडे, आणि शेवटी निव्वळ टीव्हीवाल्यांकडे. कारण स्क्रिप्स आणि जर्नल एकत्र आले तेव्हा दोघांचे पेपर वेगळे काढून टाकले.


शब्दवेडी

या निमित्तानं न्यूयॉर्क टाइम्सचं सांगते, कारण त्याचा क्वॉड सिटीजशी, म्हणजे लीच्या दारातल्या गावांशी संबंध आहे. डेव्हनपोर्टला नदीपलीकडे मोलीन. तिथलं डब्ल्यूक्यूएडी हे स्टेशन १९८५ ते २००७ न्यूयॉर्क टाइम्सचं होतं! लीच्या अंगणात टाइम्सचा टीव्ही, आणि लीचा टीव्ही हवाईत. टाइम्सनं २००७ मध्ये नऊच्या नऊ स्टेशनं ५७ कोटी ५० लाखांना विकली. म्हणजे टाइम्सनंही टीव्ही विकला आणि तो आज सगळ्यांत धडधाकट पेपर आहे. त्यांनाही पेपर विकत घेण्याचा फटका बसला: बॉस्टन ग्लोब १९९३ मध्ये ११० कोटींना घेतला, २०१३ मध्ये ७ कोटींना विकला. तरी टाइम्स तगला, कारण जगभरचा वाचक वर्गणी भरतो. ओटुम्वा किंवा मेसन सिटीच्या पेपरला जगभरचा वाचक कुठून मिळणार? त्यांचा वाचक गावातच, आणि गाव लहान होतंय.

म्हणून मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मोठ्याला टीव्ही नसला तरी चालतं. लहानाला ते टेकू असतं.


कृष्णाकाठी

आपल्याकडे उलटं आहे ना? इथे पेपरवाले टीव्हीत शिरले. सकाळचं साम टीव्ही २००८ चं. लोकमतनं आयबीएनबरोबर भागीदारीत त्याच वर्षी वाहिनी काढली, आज न्यूज१८ लोकमत. एबीपी माझा आधी स्टार माझा होतं, आणि एबीपी म्हणजे कोलकात्याचा आनंदबाजार समूह, मूळचा पेपरवालाच. दूरसंचार नियामक ट्रायनं २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर शिफारशी केल्या, पण अमेरिकेच्या १९७५ सारखा नियम काही झाला नाही.


खिळेजुळारी

बरोबर. फक्त एक फरक लक्षात घ्या. आपल्या वाहिन्या राज्यभरच्या. अमेरिकेतलं स्टेशन एका शहराचं आणि भोवतालच्या तालुक्यांचं. साम किंवा माझावर माझ्या गल्लीत गारपीट होणार का हे कळत नाही. त्यांच्याकडे कळतं. त्यामुळे तिथे गावचा पेपर आणि गावचा टीव्ही यांचा घटस्फोट जास्त लागतो.


विदर्भकन्या

मी मिडवेस्टमधल्या एका लहान गावात राहते. गावाचं आणि पेपरचं नाव देत नाही. पूर्वी पहाटे साडेपाचला गाडी यायची, पिशवीतला पेपर ड्राइव्हवेवर थप्पकन पडायचा. पेपर टाकणाऱ्या आजोबांना मी दर ख्रिसमसला चकलीचा डबा द्यायचे. २०२३ च्या सुमारास पेपर आठवड्यातून तीनच दिवस झाला आणि टपालानं यायला लागला, म्हणजे दुपारी, वीजबिल आणि किराणा दुकानाच्या पत्रकांमध्ये घडी घालून. आजोबांचं काम गेलं. शुक्रवारी रात्रीचा शाळेचा फुटबॉल सामना मंगळवारी वाचायचा. मुलाचं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा तो सामना कोणाच्या लक्षातही नव्हता. मी ते कात्रण तरीही नागपूरला आईला पाठवलं.

टीव्हीचं स्टेशन आमच्यापासून ९० मैलांवर. वादळ आलं तर सांगतात, पण आमच्या नगरपरिषदेच्या बैठकीला कोणी येत नाही. गेल्या वर्षी पाणीपट्टी वाढली ते मला बिल आल्यावर कळलं.


देशावरची

विदर्भकन्या, वाचून वाईट वाटलं. कात्रण पाठवलंत ते फार छान केलंत.


ओमाहाकर

तीन दिवस आणि टपालानं, हे २०२३ मध्ये लीच्या अनेक लहान पेपरांचं झालं, इतर कंपन्यांच्याही. बफे यांचा व्यवहार इथे सांगायलाच हवा. २०२० मध्ये त्यांनी आपले सगळे पेपर लीला १४ कोटी डॉलरना विकले, आणि सोबत लीला ५७ कोटी ६० लाखांचं कर्ज दिलं, २५ वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. त्यात लीची जुनी देणी फिटली, जुन्या व्याजापेक्षा हा दर कमीच होता. तरी पहिल्या वर्षाचं व्याजच ५ कोटी डॉलरच्या वर जातं. इतक्या पैशांत किती वार्ताहर पोसले गेले असते! २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ऑल्डन ग्लोबल कॅपिटल या फंडानं शेअरला २४ डॉलर देऊ केले, लीनं नकार दिला. त्या नकाराबद्दल मी त्यांचा आभारी आहे.


हिशेबनीस

आणि बफे यांनी टीव्ही ठेवला, बरं का. २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या जुन्या कंपनीशी, म्हणजे ग्रॅहम होल्डिंग्जशी, शेअर्सची अदलाबदल करताना मायामीचं डब्ल्यूपीएलजी बर्कशायरकडे आलं. पेपर विकून टाकले तेव्हा ते स्टेशन विकलं नाही. ग्रॅहम कुटुंबाचंही तेच: २०१३ मध्ये खुद्द वॉशिंग्टन पोस्ट जेफ बेझोस यांना २५ कोटींना विकला, टीव्ही स्टेशनं ठेवली. रिचमंडच्या मीडिया जनरलनं २०१२ मध्ये ६३ पेपर बफे यांना १४ कोटी २० लाखांना दिले आणि टीव्ही धरून ठेवला. २०१७ मध्ये ती कंपनी नेक्सस्टार या टीव्ही कंपनीनं ४६० कोटींना घेतली. तिचा रिचमंड टाइम्स-डिस्पॅच आज लीकडे आहे.

ओमाहाकर, हे लिहिता लिहिता माझंच मत हललं. ज्यांनी पेपर विकून टीव्ही ठेवला त्यांच्या भागधारकांचं भलं झालं, आणि त्यांचे पेपर फिरत फिरत लीच्या दारात आले. कोणाला नको असलेलं सगळं गोळा करणारी ही कंपनी. तिच्या चुका झाल्या, पण इतरांनी हात काढून घेतले तेव्हा हिनं पेपर छापत ठेवले, हेही लिहायला हवं.


खिळेजुळारी

हिशेबनीस, तुमच्या या प्रतिसादाला दंडवत.

त्या पेपरांत काउन्सिल ब्लफ्सचा डेली नॉनपरेलही आहे, ओमाहाच्या नदीपलीकडचा. नॉनपरेल हे ६ पॉइंटच्या बारीक खिळ्याचं जुनं नाव. छोट्या जाहिराती तसल्याच बारीक टायपात छापायचे. ज्या टायपानं पेपरला पोसलं तेच नाव कपाळावर.


पश्चिमवारा

उशिरा आलो. मी पोर्टलंडला असतो. लीचं इथलं स्टेशन कॉइन, चॅनेल ६, १९७७ ते २०००. गावाच्या मध्यावर विटकरी रंगाचा, निळ्या टोकदार छपराचा उंच मनोरा आहे. १९८४ मध्ये तो उभा राहिला तेव्हा स्टेशन लीचं होतं. नाव अजूनही कॉइन टॉवर. त्यानंतर मालक बदलत गेले: एमिस, माँटेसिटो, न्यू व्हिजन, लिन, मीडिया जनरल, नेक्सस्टार. सतरा वर्षांत सहा. टॉवर जागच्या जागी आहे आणि स्टुडिओ त्याच्या तळघरात. मी त्याच्या समोरून रोज बसनं जातो, पण हे पेपरवाल्यांच्या काळातलं आहे हे आज कळलं.

ओमाहाला मात्र केईटीव्हीची इमारत बघायची इच्छा आहे. जुन्या रेल्वे स्टेशनात आहे म्हणे?


ओमाहाकर

हो, बर्लिंग्टन स्टेशन, १८९८ चं. कित्येक वर्षं ओसाड पडलं होतं, कबुतरं आणि फुटक्या काचा. २०१५ मध्ये केईटीव्ही तिथे राहायला गेलं. आत जुने खांब तसेच ठेवलेत आणि मधोमध न्यूजरूम. मागून अजून मालगाड्या जातात, शेजारीच अ‍ॅमट्रॅकचा थांबा. आलात तर कॅलिफोर्निया झेफर गाडी पहाटे तुम्हाला तिथेच उतरवेल, मी न्यायला येतो. येताना घरी वर्ल्ड-हेरल्डचा रविवारचा अंक ठेवतो तुमच्यासाठी.